पंधरा फुटांचा समुद्र आणि सातशे मीटरचा घाट

प्रश्न : मी अंबाजोगाईला शाळेत शिकवते. या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबं, मुलं धरून सातजण, मालवणला जाणार आहोत. सगळ्यांना स्कूबा, म्हणजे पाठीवर सिलिंडर लावून पाण्याखाली जायचं ते, करायचंय. मला विहिरीत पोहता येतं, माझ्या तेरा वर्षांच्या मुलालाही येतं. ह्यांना पोहता येत नाही आणि त्यांची बीपीची गोळी चालू आहे. स्कूबा करवणाऱ्या तिघांशी फोनवर बोलले. तिघांचं उत्तर एकच : ‘मॅडम, एकदम सेफ स्पॉट आहे. पंधरा फूटच पाणी, पोहता नाही आलं तरी चालतं.’ भाऊबीज झाली की रात्री निघायचं, सकाळी पोचून आधी स्कूबा उरकायचं आणि मग फिरायचं, असा बेत आहे. दीर म्हणतात, त्याआधी गावाकडच्या खदानीत सराव करू, त्यांच्या मित्राकडे सिलिंडर आहे. मला एवढंच विचारायचंय : जागा नवख्या माणसासाठी सुरक्षित आहे की नाही, हे माझ्यासारखीनं काठावर उभं राहून कसं ओळखायचं?

उत्तर : ताई, आधी खदानीचं मिटवू. मालवणला अजून वेळ आहे, दीर मात्र येत्या रविवारीच सिलिंडर घेऊन दारात उभे राहतील.

खदानीत कुणीही उतरू नका. पहिली गोष्ट, ते सिलिंडर कसलं आहे? कोविडच्या लाटेत गावोगावी ऑक्सिजनची सिलिंडरं आली आणि त्यातली कितीतरी अजून कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात, गोदामात पडून आहेत. स्कूबाच्या सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन नसतो. तुम्ही-आम्ही घेतो तीच साधी हवा गाळून, कोरडी करून, साधारण २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास दोनशे पट दाबानं भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलं तर तोच विषासारखा काम करू शकतो. माणसाला पाण्यातच झटके येतात, तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात देणारा भाग, सुटतो, पुढचं सांगायला नको. बरं, सिलिंडर खरंच स्कूबाचं असलं तरी ते भरणार कुठं? पंक्चरच्या दुकानातल्या किंवा रंगकामाच्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाची वाफ असते, शेजारी डिझेल इंजिन चालू असेल तर कार्बन मोनॉक्साइडही. जमिनीवर डोकं दुखून भागतं, पाण्याखाली बेशुद्धी येते.

आणि खदान ही जागाच नवख्यासाठी सगळ्यात वाईट. काठावरून सरळ तुटलेला काळा कातळ, पाय टेकायला उतार नाही, वरचं पाणी कोमट आणि दोन माणसांच्या उंचीइतकं खाली गेलं की एकदम गारठा. तळाशी गाळ, तारा, तुटके दोरखंड. गाळाला पाय लागला की पुढचं काहीच दिसत नाही. शिवाय समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वरचं पाणी हे डायव्हिंगच्या हिशेबात ‘उंचीवरचं पाणी’ धरतात आणि त्याचं गणित वेगळं मांडावं लागतं. आपला बालाघाट त्याच्या कितीतरी वर आहे. दिरांना सरावाची हौसच असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी तरणतलावावर जा, छातीइतक्या पाण्यात मास्क आणि स्नॉर्कल (तोंडानं श्वास घ्यायची नळी) लावून चेहरा पाण्यात धरा आणि दहा मिनिटं फक्त तोंडानं श्वास घ्या. घाई न करता. पहिल्यांदा स्कूबा करणारे जे घाबरतात, ते माशांना नाही, नाक बंद असण्याला घाबरतात. हा एक सराव पुरेसा आहे, आणि तो तुमच्या मुलापेक्षा मोठ्या माणसांना जास्त लागेल.

आता तुमचा मूळ प्रश्न.

तुम्ही विहिरीत पोहायला शिकलात, म्हणजे निम्मं उत्तर तुमच्याजवळच आहे. परक्या गावच्या विहिरीत कुणी थेट मुटका मारत नाही. पायऱ्या कोणत्या बाजूला, पाणी किती, कपारीचा दगड कुठं पुढं आलाय, मोटारीचा पाइप कुठून उतरलाय, हे आधी बघतो. आणि थकलो तर कुठून बाहेर पडायचं, हे तर सगळ्यात आधी. समुद्रातही हेच बघायचं असतं. फरक एवढाच, की विहीर काल होती तशीच आज असते. समुद्रातली तीच जागा सकाळी आठला नवख्यासाठी चांगली असते आणि दुपारी एकला नसते. म्हणून ‘सेफ स्पॉट’ हे उत्तर मला पटत नाही. ‘उद्या सकाळी इतक्या वाजेपर्यंत ठीक आहे, नंतर नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्या माणसाला समुद्र कळतो असं समजा.

पंधरा फुटांबद्दल. खोली कमी आहे हे खरं, पण त्यानं धोका कमी होतो हे अर्धंच खरं. पंधरा फुटांवर दाब जमिनीवरच्या जवळपास दीडपट असतो. तिथं तुम्ही छाती भरून श्वास घेतला, तो कोंडून धरला आणि घाबरून वर आलात, तर ती हवा वर येता येता दीडपट व्हायला बघते. फुप्फुसाला तेवढं ताणता येत नाही. चार-पाच फुटांवरून श्वास कोंडून वर आलेल्यांनाही इजा झालेली आहे. उलट खोल पाण्यात, वीस मीटरवरून दहावर येताना हवा तेवढीच, म्हणजे दीडपटच फुगते, पण त्याला दहा मीटर चढावे लागतात. उथळ पाण्यात तोच फरक साडेचार मीटरांत पडतो. म्हणून विहिरीतली सवय, दम धरून बुडी मारायची, ती काठावरच सोडून जा. स्कूबात एकच कायदा : श्वास थांबवायचा नाही. तुम्ही आणि मुलगा पोहणारे आहात, म्हणून हे तुम्हालाच जास्त जोर देऊन सांगतोय.

कानाचंही तसंच. पाच-सहा फुटांवरच कानात दडा बसतो. नाक चिमटीत धरून नाकातच हलकेच हवा फुंकायची, दुखायला लागण्याच्या आधी, दर दोन-तीन फुटांवर. सर्दी असेल तर उतरायचंच नाही. सर्दीची गोळी खाऊन उतरणं त्याहून वाईट, कारण गोळीचा असर खाली असताना उतरला तर वर येताना हवा अडकते.

फोनवर ‘किती खोल?’ असं विचारू नका. ‘तळ किती खोल आहे?’ असं विचारा. दोन्हींत फार अंतर आहे. पंधरा फुटांवर वाळूचा तळ असेल, तर नवखा माणूस गुडघे टेकून बसू शकतो आणि त्याहून खाली जाऊच शकत नाही. तळ चाळीस फुटांवर असेल आणि तुम्हाला कुणी पंधरा फुटांवर धरून ठेवणार असेल, तर सगळा भरवसा त्या एका हातावर. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकाळ, उथळ जागा बऱ्याच आहेत, त्यामुळे तळच पंधरा फुटांवर हवा, ही मागणी अवास्तव नाही.

आता दिवाळीची गंमत बघा. लक्ष्मीपूजन अमावास्येला. अमावास्या-पौर्णिमेला भरती-ओहोटी सगळ्यात मोठी, तिला उधाण म्हणतात, आणि ती ऐन तिथीपेक्षा एक-दोन दिवसांनी जास्त जोर धरते. म्हणजे भाऊबीज करून जो निघतो, तो बरोबर उधाणात पाण्यात उतरतो. पाणी जितकं जास्त चढतं-उतरतं, तितका त्याला ओढ जास्त. अष्टमीच्या सुमाराला, आणि पुढं एक-दोन दिवस, भरती-ओहोटी सगळ्यात लहान असते. किनाऱ्यावर त्याला भांग म्हणतात. तेव्हा पाणी त्या मानानं निवांत असतं. सुट्टी आहे ना शाळेला? मग कालनिर्णय काढा आणि कार्तिक शुद्ध अष्टमी ते दशमीच्या दरम्यान स्कूबा ठेवा. गर्दीही कमी मिळेल आणि हॉटेलचे दरही.

वेळ निवडताना खाडी विसरू नका. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, मालवणच्या उत्तरेला कोळंबची खाडी आहे. ओहोटी लागली की खाडीचं गढूळ पाणी बाहेर येतं आणि येताना ओढही आणतं. पावसाळा नुकताच संपलेला असतो, त्यामुळे दिवाळीत ते पाणी डिसेंबर-जानेवारीपेक्षा मळकट असतं. भरती पुरी होत आलेली असताना, साधारण तिच्या आधीच्या तासाभरात उतरणं बरं. भरतीची वेळ कुठलाही होडीवाला तोंडपाठ सांगतो.

काठावर पोचलात की दहा मिनिटं नुसतं बघत बसा. उभ्या होड्यांचे दोर बघा. दोर ताठ ओढलेला असेल, तरंगत्या बोयाच्या एका बाजूला पाणी चढून दुसऱ्या बाजूला शेपटी निघाल्यासारखी दिसत असेल, तर प्रवाह आहे. दोर सैल लोंबत असेल तर बरं. मग परत येणाऱ्या बोटीतल्या लोकांकडे जा. ‘मजा आली का?’ असं विचारलंत तर सगळे हो म्हणतील, पैसे भरलेले असतात. ‘तुमच्यासोबत उतरलेल्या माणसाचा चेहरा दिसत होता का?’ असं विचारा. चांगल्या दिवशी तिथं पाच-सात मीटरपर्यंत दिसतं, वाईट दिवशी हातभर. पाच मीटरपर्यंत दिसणं अंदमानला जाऊन आलेल्यांना कमी वाटेल, नवख्याला ते पुरेसं आहे. हातभर मात्र पुरेसं नाही, कारण गढूळ पाण्यात एकटं पडल्याची भावना फार झटकन येते आणि मग माणूस वरच्या दिशेनं पळतो.

हवामानाचं सोपं आहे. हैदराबादची इन्कॉईस ही सरकारी संस्था समुद्राच्या लाटांचा अंदाज आणि इशारे रोज देते, तो मोबाईलवर मिळतो. हवामान खात्यानं मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असं सांगितलं असेल, तर तुम्हीही जायचं नाही, वर आकाश कितीही निळं असो. ‘पावसाळा संपला, आता काय!’ असं वाटतं खरं, पण अरबी समुद्रातली वादळं दिवाळीच्या आगेमागेच येतात. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आलं. २०१९ च्या ऐन दिवाळीत क्यार वादळ होतं आणि कोकणातला समुद्र खवळलेला होता.

एक गोष्ट लोक विचारतच नाहीत, ती म्हणजे बोट. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखाली काही झालं नव्हतं. बोटीत चढल्यापासून उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगावर, बंद लावलेलं, नुसतं गळ्यात अडकवलेलं नाही. फोटोसाठीही काढायचं नाही. बोटीत माणसं मोजा, आणि जास्त वाटली तर पुढच्या बोटीची वाट बघा. तुम्ही खाली असताना बोटीवर कुणीतरी जाणता माणूस थांबणार आहे का, खाली माणूस आहे हे सांगणारा डायव्हरचा झेंडा लावणार आहेत का, तिथूनच जेट स्की आणि बनाना बोट फिरतात का, हेही बघा. पाण्यातून डोकं वर काढताना डोक्यावरून बोटीचा पंखा गेला, तर पंधरा फूट आणि पन्नास फूट सारखंच.

जागा एकवेळ सोसते, माणूस चुकीचा असेल तर नाही. मी कुणाकडे नवख्यांना पाठवायचं हे ठरवताना एकच प्रश्न विचारतो : ‘याआधी शेवटचं कधी बोट परत फिरवलीत?’ जो लगेच सांगतो, ‘अहो परवाच, पाण्याला ओढ होती, सगळ्यांचे पैसे परत दिले’, त्याच्याकडे जा. ‘आपल्याकडे असं कधी होतच नाही’ म्हणणारा एकतर खोटं बोलतोय किंवा कधी फिरवतच नाही. कागदही विचारा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे अशा व्यवसायांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी आहे म्हणजे सगळं ठीक असं नाही, पण विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडून पुढं काय अपेक्षा ठेवणार? बोटीवर प्रथमोपचाराचा ऑक्सिजन आहे का, हेही विचारून ठेवा. हो, तोच ऑक्सिजन; पाण्याखाली तो घातक, पण दाबाची इजा झालेल्याला वर आणल्यावर पहिला उपचार तोच.

चांगल्या ठिकाणी आधी दम्याचा, हृदयाचा, फिटचा, कानाचा, ऑपरेशनचा, गरोदरपणाचा प्रश्न असलेला आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. ‘काही झाल्यास आमची जबाबदारी नाही’ एवढंच लिहिलेल्या कागदावर सही घेतात, तो आरोग्याचा फॉर्म नव्हे. त्यानंतर उभं राहता येईल अशा पाण्यात सराव व्हायला हवा : तोंडानं श्वास, मास्कमध्ये पाणी शिरलं तर काढणं, रेग्युलेटर सुटला तर परत लावणं, खुणा. खुणांमध्ये एक घोटाळा हमखास होतो. अंगठा वर केला की आपल्याला वाटतं ‘मस्त’. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर जायचंय’. सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करतात. मुलांकडून घरीच पाठ करून घ्या.

एका माणसामागे एक प्रशिक्षक, ही अट सोडू नका. आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून माणसाला पुढं ढकलत नेतो. त्यात तुमचा चेहरा त्याला दिसत नाही. ‘दर थोड्या वेळानं समोर येऊन खूण विचारा’ असं आधीच सांगून ठेवा. पहिल्या श्वासाला हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला, तर तिथंच तोंडातून काढा, बोलायला लाजू नका. माशांना गोळा करायला खाली ब्रेड टाकणारे असतात. ते मालवणच्या सागरी अभयारण्याचं भलं करत नाहीत आणि त्यांचं अर्धं लक्ष कॅमेऱ्याकडे असतं.

मुलाचं वय ठीक आहे. मोठ्या प्रशिक्षण संस्था अशा पहिल्या अनुभवासाठी किमान दहा वर्षं धरतात. फक्त पैसे भरल्यावरही, अगदी मास्क लावल्यावरही, ‘नको’ म्हणायची मुभा त्याला द्या, आणि ती सगळ्यांसमोर द्या, नाहीतर चुलतभावंडांसमोर तो म्हणणार नाही.

तुमच्या ह्यांचं मात्र माझं मत स्पष्ट आहे. पोहता न येणं हा तसा मोठा अडसर नाही, अशा लोकांना चांगला प्रशिक्षक सांभाळून घेतो. बीपीचं वेगळं. पाण्यात उतरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयावर काम वाढतं, आणि ज्यांचं बीपी ताब्यात नसतं त्यांच्या फुप्फुसांत पाणी साठण्याचा धोका वाढतो. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना ‘स्कूबा करायचंय’ असं शब्द वापरून विचारा आणि लेखी घ्या. ‘समुद्रावर जातोय, चालेल ना?’ असं विचारलंत तर ते चालेल म्हणतील. लेखी नसेल तर ह्यांनी काठावर थांबावं. सात जणांच्या सामानाशी कुणीतरी लागतंच.

राहिला प्रवास. रात्रभर गाडीत, घाटातली वळणं, चहावर चहा, अर्धवट झोप, आणि सकाळी थेट बोटीत : मराठवाड्यातून येणाऱ्यांचा हा ठरलेला कार्यक्रम आहे आणि मला तोच सगळ्यात जास्त खटकतो. थकलेलं, पाणी कमी प्यायलेलं शरीर दाब नीट सोसत नाही, आणि बोट डुलली की उलट्या वेगळ्याच. पहिला दिवस किल्ला, बाजार, समुद्रकिनारा. मोठ्यांनी रात्री पिऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी हलका नाश्ता करून स्कूबा. सुरमईचं ताट परत आल्यावर.

आणि परतीचा घाट. आपल्याला समुद्रावरून घरी जायचं तर सह्याद्री चढावाच लागतो. आंबोली ६९० मीटरच्या आसपास, गगनबावडा किंवा फोंड्यानं गेलात तरी चढ आहेच, आणि वर कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या घरात. दाबाखाली श्वास घेताना रक्तात जास्तीचा नायट्रोजन मुरतो, तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि तो घाईनं बाहेर यायला बघतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या सूचना विमानासाठी आहेत, पण त्या साधारण ६०० मीटरपासूनच्या उंचीला धरून केलेल्या आहेत : एका डाइव्हनंतर १२ तास, अनेक डाइव्ह केल्या तर १८ तास थांबा. पंधरा फुटांवर वीस मिनिटं राहिलेल्याला खरं तर फारसा धोका नाही. तरी दुपारी जेवून लगेच घाटाला लागू नका. कुणी हौसेनं दुसरी, खोल डाइव्ह घेतली असेल, तर अजिबातच नाही. ती रात्र मालवणात काढा.

ॲडव्हान्स फोनवरून भरायची घाई करू नका. मागितलाच तर ‘समुद्र खराब असेल किंवा आमच्यातल्या कुणी ऐनवेळी नको म्हटलं, तर पैसे परत’ एवढं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, मग पाठवा. तिघांपैकी कोण लिहून देतं ते मलाही कळवा.